सहीचा माणूस

पुण्याचा नवा विमानतळ एकेकाळी चाकणजवळ होणार होता. खेड तालुक्यातल्या जागांच्या पाहण्या झाल्या, शेतकऱ्यांचा विरोध झाला, जागा बदलून पाहिल्या गेल्या आणि २०१६ मध्ये पुरंदरचं नाव पुढे आलं. चाकणचा विषय तेव्हा मागे पडला. विमान चाकणला उतरलं नाही, पण विमानाचे भाग मात्र चाकणमधून बाहेर पडतात. १४ फेब्रुवारी २०१५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते उद्घाटन झालेल्या जीईच्या चाकणमधल्या कारखान्यात जेट इंजिनांचे सुटे भाग तयार होतात. त्यातले काही 'लीप' जातीच्या इंजिनात बसतात. आज देशात उडणाऱ्या एअरबस ए३२०निओ आणि बोइंग ७३७ मॅक्स विमानांपैकी अनेकांच्या पंखाखाली हीच इंजिनं आहेत.

तेव्हा भोसरी, मोशी, तळवडे या भागात मुलगा बारावीला आला की घराघरांत जो प्रश्न निघतो तो काही हवेतला नाही. "गणित बरं आहे, हातही चांगला आहे. विमानाचं काही करता येईल का?"

करता येतं. फक्त 'विमानाचं काही' म्हणजे नक्की काय, हे आधी सुटं करून पाहावं लागतं, कारण तीन वेगळ्या वाटा इथे एकाच नावाने ओळखल्या जातात. एरोनॉटिकल इंजिनीअरिंगची पदवी ही विमानाची रचना, आराखडा, हवेचं गणित शिकवणारी. ती घेतलेल्या माणसाला त्या पदवीच्या जोरावर विमानाच्या दुरुस्तीवर शिक्कामोर्तब करता येत नाही. दुसरी वाट तंत्रज्ञाची, म्हणजे हँगरमध्ये प्रत्यक्ष पाना धरणाऱ्याची. तिसरी एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनीअरची. धंद्यात त्याला 'एएमई' म्हणतात. त्याच्याकडे डीजीसीएचं, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं लायसन्स असतं. तंत्रज्ञ आणि एएमई यांच्या हातातली हत्यारं बहुतेक वेळा सारखीच असतात. फरक कामाच्या शेवटी पडतो.

काम संपलं की विमान 'सेवेत सोडल्याचं' प्रमाणपत्र भरावं लागतं. कोणतं काम केलं, कोणत्या मॅन्युअलच्या कोणत्या पानाप्रमाणे केलं, कोणता भाग बसवला, त्याचा क्रमांक काय, हे सगळं लिहून खाली सही होते. ती सही झाल्याशिवाय विमान प्रवासी घेऊन उडत नाही. चाकणच्या असेंब्ली लाइनवरून गाडी बाहेर पडते तेव्हा तिच्यामागे कंपनीचं नाव उभं असतं. ब्रेक कोणी बसवला हे गाडी घेणाऱ्याला कधी कळत नाही, कळायची गरजही नसते. विमानाखाली मात्र एक नाव, एक लायसन्स क्रमांक आणि एक सही असते. दहा वर्षांनी चौकशी झाली तरी तो कागद त्या माणसापर्यंत येऊन पोचतो.

या सहीचं वजन किती, हे सांगायला एक जुनी घटना पुरेशी आहे. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजचं ५३९० क्रमांकाचं विमान बर्मिंगहॅमहून स्पेनमधल्या मालागाला निघालं. उड्डाणानंतर तेराव्या मिनिटाला, सुमारे १७ हजार फुटांवर, कॉकपिटची कॅप्टनच्या बाजूची काच निखळून गेली आणि कॅप्टन टिम लँकेस्टर कमरेपर्यंत बाहेर खेचले गेले. आतल्या कर्मचाऱ्यांनी त्यांचे पाय धरून ठेवले. सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवलं. आश्चर्य म्हणजे कॅप्टनसह सगळे वाचले.

चौकशीत जे निघालं ते चाकणच्या कुठल्याही स्टोअरकीपरला चटकन समजेल. ती काच आदल्याच दिवशी पहाटे, रात्रपाळीत बदलली होती. एकूण ९० बोल्ट. त्यातले ८४ हवे त्यापेक्षा बारीक होते. व्यासात फरक ०.०२६ इंचाचा, म्हणजे पाऊण मिलिमीटरसुद्धा नाही. उरलेले सहा लांबीला कमी. काम करणारा अनुभवी शिफ्ट मॅनेजर होता. त्याने काढलेला जुना बोल्ट हातात घेतला आणि अपुऱ्या उजेडातल्या एका खणातून त्याच्याशी नजरेने जुळवून नवे उचलले. पार्ट क्रमांकात फरक एका अक्षराचा होता: 'डी'च्या जागी 'सी'. स्टोअरमधल्या माणसाने कोणता बोल्ट लागतो ते सांगितलंही होतं. कॅटलॉग उघडून पाहायला काही मिनिटं लागली असती. पुन्हा, तेव्हाच्या नियमाप्रमाणे या कामाला दुसऱ्या कोणाची तपासणी लागत नव्हती. केलं त्यानेच, सहीही त्याचीच.

विमान दुरुस्तीच्या अभ्यासक्रमात आज 'मानवी घटक' नावाचा एक पूर्ण विषय आहे तो अशा घटनांमुळे. थकवा, घाई, 'हे तर रोजचंच' असा फाजील विश्वास, नीट न दिलेला निरोप अशा बारा कारणांची यादी कॅनडातल्या गॉर्डन ड्यूपाँट यांनी १९९३ मध्ये केली. जगभरच्या हँगरांच्या भिंतींवर ती टांगलेली असते. रात्रपाळी केलेल्या माणसाला त्यातलं एकही कारण समजावून सांगावं लागत नाही.

लायसन्सचे नियम 'सीएआर-६६' या नावाने ओळखले जातात आणि त्यांचा सांगाडा युरोपातल्या नियमांसारखाच आहे. ए वर्गाच्या माणसाला ठरावीक, साधी कामं करता येतात आणि फक्त स्वतः केलेल्या कामावरच सही करता येते. बी१ वर्ग यांत्रिक बाजूचा: सांगाडा, इंजिन, चाकं, हायड्रॉलिक, वीजपुरवठा. त्यातही टर्बाइन विमान, पिस्टन विमान, टर्बाइन हेलिकॉप्टर आणि पिस्टन हेलिकॉप्टर असे चार पोटभाग आहेत. मोठ्या प्रवासी विमानांसाठी लागतो तो बी१.१. बी२ वर्ग एव्हिऑनिक्सचा, म्हणजे रेडिओ, दिशादर्शन, ऑटोपायलट आणि त्यांच्या तारांच्या जंगलाचा. महिनामहिना हँगरमध्ये चालणाऱ्या मोठ्या दुरुस्तीनंतर संपूर्ण विमान सोडण्याचा अधिकार सी वर्गाकडे असतो. तिथे माणूस पोचतो तो बी वर्गात बरीच वर्षं काढून.

प्रवेशाला बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवं, किंवा त्या तोडीची अभियांत्रिकी पदविका. मग मॉड्यूल सुरू होतात. वीज, इलेक्ट्रॉनिक्स, धातू आणि जोडणीचं सामान, दुरुस्तीची पद्धत, हवाई कायदा, गॅस टर्बाइन, प्रोपेलर अशी मॉड्यूल बी१.१ साठी द्यावी लागतात. परीक्षा डीजीसीए घेतं आणि पास व्हायला १०० पैकी ७५ लागतात. ३५ वर सुटायची सवय असलेल्यांची पहिली धडक इथेच बसते.

मॉड्यूल सुटली म्हणजे लायसन्स मिळालं असं नाही. चालू विमानांवर प्रत्यक्ष केलेल्या कामाचा अनुभव लागतो. 'सीएआर-१४७' खाली मान्यता असलेल्या संस्थेतून पूर्ण अभ्यासक्रम केला असेल तर दोन वर्षं. कुशल कारागिराचं संबंधित तांत्रिक प्रशिक्षण असेल तर तीन. काहीच नसेल तर पाच. प्रत्येक कामाची नोंद एका लॉगबुकात होते आणि तिच्यावर वरच्या माणसाची सही घ्यावी लागते. बारावीनंतर लायसन्स हातात पडेपर्यंत चार-पाच वर्षं धरून चालावीत. मॉड्यूल अडकली तर त्याहून जास्त. पुढे ए३२० किंवा एटीआर अशा विशिष्ट विमानाचं 'टाइप' प्रशिक्षण, त्याची लायसन्सवर नोंद, आणि मग ज्या कंपनीत काम आहे तिचं अधिकारपत्र. इतकं सगळं जमलं की पहिली सही होते. हे लायसन्स पाच वर्षांनी नवं करून घ्यावं लागतं, आणि गेल्या दोन वर्षांत किमान सहा महिने प्रत्यक्ष काम नसेल तर सहीचा अधिकार वापरता येत नाही.

पिंपरी-चिंचवडच्या मुलाला या वाटेवर एक फायदा जन्मजात मिळतो. टॉर्क रेंचचा 'टक्' आवाज, व्हर्नियरवरचा शून्य पाहायची सवय, कॅलिब्रेशनची तारीख लिहिलेला स्टिकर, हत्यारांच्या आकाराच्या सावल्या रंगवलेला बोर्ड, हे त्याच्या बापाच्या, काकाच्या शॉपमधलं रोजचं बोलणं असतं. शॉपमध्ये एखादा दहाचा सॉकेट हरवला तर दुसरा मागवतात. हँगरमध्ये पाळी संपताना बोर्डावरची एक सावली रिकामी दिसली तर विमान थांबतं. सॉकेट सापडेपर्यंत, किंवा तो विमानात नाही याची पूर्ण खात्री होईपर्यंत, कोणी सही करत नाही. नियंत्रण तारेच्या कप्पीत अडकलेला एक सॉकेट पुढे काय करील हे सांगता येत नाही.

दुसरं उदाहरण लॉकवायरचं. विमानातले कित्येक बोल्ट घट्ट करून सोडून देत नाहीत. त्यांच्या डोक्यातल्या भोकातून बारीक स्टीलची तार ओवून, पिळून, शेजारच्या बोल्टला बांधतात. नेहमीच्या ०.०३२ इंची तारेला इंचाला सहा ते आठ पीळ. कमी पीळ असला तर तार सैल राहते, जास्त असला तर तिची ताकद जाते. आणि तार अशा बाजूने ओढायची की बोल्ट सुटायला लागला तर तिने त्याला आवळण्याच्या दिशेनेच खेचावं. शिकाऊ मुलं पहिले काही महिने लाकडी फळीवर ठोकलेल्या बोल्टांवर हेच करत बसतात. पीळ मोजले जातात, चुकले तर कापून पुन्हा. तारेचा कापलेला तुकडाही खाली पडू द्यायचा नाही, तो मोजून डब्यात.

काही सवयी मात्र सोडाव्या लागतात. चाकणच्या पट्ट्यात कायझेनचं कौतुक असतं. ऑपरेटरने दोन सेकंद वाचवणारी युक्ती सुचवली तर बोर्डावर फोटो लागतो. हँगरमध्ये युक्तीला जागा नाही. मॅन्युअल सांगेल त्या क्रमाने, सांगेल तेवढाच टॉर्क. पद्धत चुकीची वाटली तर तसं विमान बनवणाऱ्या कंपनीला लिहून कळवायचं. मॅन्युअलचं पान बदलेपर्यंत काम जुन्याच पानाप्रमाणे होतं. पाठ असलेलं कामही समोर पान उघडं ठेवूनच करायचं असतं. वीस वर्षं तेच चाक बदललेल्या माणसालाही यातून सूट नाही.

मॅन्युअल इंग्रजीत असतं, आणि मराठी माध्यमातल्या मुलांना सगळ्यात जास्त धास्ती याचीच असते. पण हे इंग्रजी कादंबरीतलं नव्हे. १९८० च्या दशकात युरोपच्या विमान उद्योगाने दुरुस्तीच्या पुस्तकांसाठी मुद्दाम एक सोपं, बांधलेलं इंग्रजी तयार केलं, कारण ती पुस्तकं वाचणाऱ्या जगभरच्या मेकॅनिकांपैकी अनेकांची मातृभाषा इंग्रजी नाही. शब्द मोजके, वाक्यं आखूड, आणि शक्यतो एका शब्दाचा एकच अर्थ. 'क्लोज' म्हणजे बंद करणं. 'जवळ' या अर्थाने तो शब्द त्या पुस्तकात येणारच नाही. अशी भाषा सहा महिन्यांत अंगवळणी पडते. परीक्षेत अडखळवते ती बहुधा भाषा नव्हे, भौतिकशास्त्राचा कच्चा पाया.

पालकांनी खरं सावध राहावं ते प्रवेशाच्या वेळी. पुणे आणि आसपास विमानाचं चित्र लावलेल्या फलकांची कमी नाही. एअर होस्टेस, ग्राउंड स्टाफ, एव्हिएशन डिप्लोमा आणि एएमई हे सगळं एकाच माहितीपत्रकात छापलेलं असतं. अशा वेळी विचारायचे प्रश्न थोडेच आहेत. संस्थेला डीजीसीएची सीएआर-१४७ मान्यता आहे का, आणि ती नेमक्या कोणत्या वर्गासाठी? मान्यताप्राप्त संस्थांची यादी डीजीसीएच्या संकेतस्थळावर असते; माहितीपत्रकापेक्षा तिच्यावर विश्वास ठेवावा. गेल्या दोन-तीन तुकड्यांतल्या किती जणांची सगळी मॉड्यूल सुटली? आणि सगळ्यात महत्त्वाचं, चालू विमानावरचा अनुभव कुठे मिळणार? संस्थेच्या आवारात उभं असलेलं निवृत्त विमान शिकायला चांगलं असतं, पण लायसन्सला लागणारा अनुभव उडत्या विमानांवरचा, 'सीएआर-१४५' मान्यता असलेल्या दुरुस्ती केंद्रातला असावा लागतो. मॉड्यूल सुटलेली आणि हँगर न मिळालेली मुलं या क्षेत्रात बरीच आहेत. घरावर कर्ज काढून फी भरण्याआधी हे एवढं विचारून घ्यायला हवं.

हँगर आहेत कुठे? चाकण-पिंपरीत मोठ्या प्रवासी विमानांचा एकही नाही, आणि लोहगावच्या पुणे विमानतळाची धावपट्टी मुळात हवाई दलाची आहे. मुलाला घर सोडावं लागतं. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर मुंबई हे या धंद्याचं माहेर. १९२८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबमधूनच जे. आर. डी. टाटांनी १९२९ मध्ये वैमानिकाचा परवाना मिळवला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन निघालेलं त्यांचं पस मॉथ विमान जुहूला उतरलं, तेव्हा त्या छोट्याशा सेवेमागे मूठभर मेकॅनिक होते. पुढे एअर इंडियाच्या सांताक्रूझच्या तळावर मराठी तंत्रज्ञांच्या पिढ्या घडल्या. नागपूरच्या मिहानमध्ये बोइंगने बांधून दिलेलं एअर इंडियाचं दुरुस्ती केंद्र २०१५ मध्ये सुरू झालं. नाशिकजवळ ओझरला एचएएलचा कारखाना १९६४ पासून आहे. मिग आणि सुखोई तिथे बांधली गेली, आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तेजस मार्क-१एचं नाशिकमध्ये तयार झालेलं पहिलं विमान तिथूनच उडालं. लष्करी विमानांवरचं ते काम नागरी लायसन्सच्या चौकटीत थेट बसत नाही, पण हात मात्र तिथे उत्तम तयार होतो.

पिंपरी-चिंचवडला सगळ्यात जवळचा बदल द्रुतगती मार्गाच्या दुसऱ्या टोकाला झालेला आहे. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमानं उडू लागली. जिथे विमानं मुक्कामाला राहतात तिथे रात्रीची तपासणी करणारी माणसं लागतात, आणि चिंचवडहून तिथे पोचणं मुंबईच्या उपनगरांत पोचण्यापेक्षा सोपं आहे.

मागणीची बाजू आकड्यांतच दिसते. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. ती टप्प्याटप्प्याने येत राहणार आहेत, आणि प्रत्येक विमानामागे रोजच्या तपासणीपासून काही वर्षांच्या अंतराने होणाऱ्या मोठ्या दुरुस्तीपर्यंत कामांची साखळी येते. आजवर यातलं बरंच मोठं काम परदेशी केंद्रांकडे जात आलं. ते देशात थांबावं म्हणून एप्रिल २०२० मध्ये दुरुस्ती सेवेवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला गेला, आणि जुलै २०२४ पासून आयात सुट्या भागांवरही सरसकट ५ टक्के दर लागू झाला.

पण मागणीचा अर्थ सगळ्यांना सारखा लागू होत नाही. टाइप नोंद असलेल्या, सहीचा अधिकार मिळालेल्या माणसाला विमान कंपन्या पळवतात. नुसतं लायसन्स असलेला रांगेत असतो. लायसन्सच्या वाटेवरचा शिकाऊ तर कमी पगारावर, बहुधा रात्रपाळीत, घरापासून दूर भाड्याच्या खोलीत दिवस काढत असतो. ज्याला चाकणमध्ये बाविसाव्या वर्षी कायम नोकरी लागायची शक्यता आहे, त्याच्या घरात या वर्षांचा हिशेब मांडला जाणारच. आयटीआय करून थेट कामाला लागणाऱ्यांसाठी जवळची वाटही आहे. विमानाचे भाग जोडणाऱ्या फिटरचा स्वतंत्र ट्रेड आयटीआयमध्ये आहे, आणि जीईसारख्या कारखान्यांत काम मिळवायला विमान दुरुस्तीचं लायसन्स लागत नाही. तिथला तंत्रज्ञ इंजिनाचा भाग बनवतो. तो भाग विमानात बसवून विमान सोडायचा अधिकार दुसऱ्याचा.

त्या दुसऱ्याचं काम पाहायचं तर वेळ मध्यरात्रीनंतरची. दिवसाचं शेवटचं विमान उतरलेलं असतं, प्रवासी निघून गेलेले, आणि पहाटेच्या उड्डाणाला काही तास उरलेले. डोक्याला टॉर्च लावलेला एक माणूस विमानाभोवती ठरलेल्या क्रमाने फिरतो: नाक, पुढचं चाक, डावं इंजिन, डावा पंख, शेपूट, आणि मग उजव्या बाजूने परत. इंजिनाच्या पंख्याच्या पात्यांवर ओरखडा आहे का ते बोट फिरवून पाहतो. टायरचा दाब मोजतो. मोटारीच्या टायरला तीस-बत्तीस लागतो तिथे याला सुमारे दोनशे, आणि आत हवेऐवजी नायट्रोजन. संध्याकाळी वैमानिकाने लॉगमध्ये एक ओळ लिहून ठेवलेली असते: उतरण्याचा उजवा दिवा लागत नाही. तो दिवा बदलतो. नव्या दिव्यासोबत आलेल्या टॅगवरचा क्रमांक कॅटलॉगशी ताडून पाहतो, अक्षरासकट. मग कागदावर मॅन्युअलचा संदर्भ, भागाचा क्रमांक, तारीख, वेळ.

त्याखाली सही. अजून कागदी लॉग आहे तिथे त्या पानाच्या खाली कार्बन प्रती असतात. पहाटे कॅप्टन येतो, पान वाचतो, विमान स्वीकारल्याची आपली सही करतो. मूळ पान विमानासोबत जातं. दरवाजा बंद होण्याआधी एक प्रत फाडून खाली दिली जाते आणि ती फाइलला लागते.